दांडक्याला बांधलेली चिंधी

"तूच शेवटचा का?" मी टँकरवाल्याला विचारलं.

"हौ चाचा, मीच." शब्बीरने खिडकीतून लाल दांडकं माझ्या हातात दिलं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर सतत येणारा-जाणारा, ओळखीचा माणूस. "काय हो, तिकडं मुकादमानं दोघी-दोघी बाया उभ्या केल्या, अन् इकडं तुमाले एकट्यालेच वाळत घातलं का?"

मी हसलो. पुलाच्या त्या टोकाला आमच्या टोळीतली हंसाबाई एकटीच होती. ड्रायव्हर लोक काहीबाही बोलत असतात. टँकर आदिलाबादकडे निघून गेला.

पांढरकवड्याच्या पुढचा हा पूल. त्या साली कापसाला इकडे भाव नव्हता, म्हणून भरलेले ट्रक आंध्राकडे धावत. माल दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला असे की ड्रायव्हरला आरशात कापसाशिवाय काही दिसत नसे. असाच एक ट्रक पुलाच्या कठड्याला घासत गेला आणि कठडा नदीत पडला. ट्रक कसाबसा वर राहिला. आमची टोळी असलेच पूल दुरुस्त करते. तुटकं काँक्रीट फोडायचं, वाकलेल्या सळ्या कापून नव्या जोडायच्या, फळ्या ठोकून माल भरायचा, मग गोणपाट गुंडाळून पाणी मारायचं. हाच कठडा आम्ही आदल्या साली बांधला होता. तेव्हा पाणी नलूने मारलं होतं.

तुटलेल्या सळ्यांना कापूस अडकलेला होता. आम्ही तो काढायचो. सकाळी आलं की पुन्हा तिथेच, तेवढाच लोंबत असायचा. जाणाऱ्या ट्रकांचाच उडून अडकत असेल.

काम चालू असलं की ड्रम लावून अर्धा रस्ता बंद ठेवतो. उरलेल्या अर्ध्यातून एकदा तिकडच्या गाड्या सोडायच्या, एकदा इकडच्या. या पुलाला वळण आहे, एका टोकावरून दुसरं दिसत नाही. म्हणून दांडकं. शेवटच्या गाडीवाल्याजवळ दांडकं द्यायचं. ते समोरच्या टोकाला पोचलं की समजायचं, पूल रिकामा आहे, आता आपल्या गाड्या सोडा. चुकून दोन्हीकडच्या गाड्या पुलावर समोरासमोर आल्या तर एकीला कामाच्या बाजूला वळावं लागणार. तिकडे कठडा नाही. खाली खडक आहे.

नलू माझी बायको. आमचा संसार असाच झाला, पुलाच्या एका टोकाला ती आणि एका टोकाला मी. दिवसभर तोंड दिसायचं नाही. म्हणून ती दांडक्याला चिंधी बांधून पाठवायची, तिच्या हिरव्या लुगड्याच्या काठाची. चिंधीत सुपारीचं खांड. मी सुपारी खायचो आणि त्याच चिंधीत काहीतरी बांधून परत पाठवायचो. या पुलावर माझ्या टोकाला बोरीचं झाड आहे. तिच्या टोकाला नुसता मुरूम. म्हणून बोरं पाठवायचो. चिंधी एकच होती, ती परत गेलीच पाहिजे असा तिचा नियम. ड्रायव्हर चिडवायचे, "बुढीनं बुढ्याले चिठ्ठी पाठवली!" तिची गाठ फार घट्ट असायची. दातांनी सोडवावी लागे.

नलू श्रावणात काविळीने गेली. पुण्यानुमोदन झालं, दुसऱ्या आठवड्यात मी कामावर आलो. घरी बसून काय करणार होतो?

तर टँकर गेला आणि मी दांडकं हातात घेऊन उभा होतो. शेतांत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळत होते, त्याचा धूर पुलावर उतरला होता. माझ्या रांगेत पहिली काळीपिवळी जीप होती. आत कापूस वेचायला निघालेल्या बाया, टपावरही दोघीतिघी. मी आडवा धरलेला झेंडा बाजूला करायला गेलो आणि बोटांना गाठ लागली.

दांडक्याला चिंधी होती. हिरव्या काठाची.

मी काही विचार केला नाही. हाताला सवय होती. झेंडा काखेत धरला आणि गाठ सोडवू लागलो.

"ओ बुढेबाबा!" जीपवाला ओरडला. "सोडा ना आमाले! काय करून राह्यले?"

"थांब," मी म्हणालो.

"दांडकं आलं ना तुमच्या हातात? कायले थांबू?"

टपावरची एक बाई म्हणाली, "अवो, दात पडले असन बुढ्याचे, गाठ सुटून नाई राह्यली." सगळ्या हसल्या. मी गाठ दातांत धरली. जीपवाल्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

तेवढ्यात धुरातून ट्रक आला. कापसाने भरलेला, उरलेला सगळा रस्ता व्यापून, भरधाव. दिवेही लावले नव्हते. माझ्यासमोरून गेला तेव्हा पोत्यांनी जीपचा आरसा मोडून नेला. मागे कापूस उडत राहिला. टपावरच्या बाया हसायच्या थांबल्या. जीपवाल्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

गाठ सुटली. आत सुपारीचं खांड होतं.

संध्याकाळी हंसाबाई मुकादमाला, बाबूसिंगला, सांगत होती, "दांडकं देल्यावर घुसला जी तो मेला! म्या झेंडा आडवा धरला, आंगावरच घातली गाडी. वरडून वरडून घसा बसला माहा."

बाबूसिंग माझ्याकडे वळला. "तू काहून थांबला होता बे, गोविंदा? दांडकं तर भेटलं होतं तुले."

मी हंसाबाईला विचारलं, "चिंधी कोणं बांधली होती?"

"कोन्ती चिंधी, भाऊ?"

"तिकडं तुझ्यासंगं कोणी होतं?"

"माह्यासंगं कोन येते उन्हात मराले?"

मी चिंधी दाखवली नाही. सुपारी आणि चिंधी शर्टच्या खिशात होती. आम्ही बौद्ध माणसं, भुताखेतांना मानत नाही. नलू तर अजिबात मानायची नाही.

त्यानंतर दांडकं रोज येत-जात राहिलं, पण नुसतंच. मला कारण माहीत होतं. चिंधी माझ्याजवळ होती. ती परत गेल्याशिवाय तिकडून काय येणार? रोज ठरवायचो आणि रोज हात खिशातच राहायचा. पाठवली आणि काहीच आलं नाही तर? मग माझ्याजवळ चिंधीही नसती.

कठडा पूर्ण झाला. एका सकाळी बाबूसिंग म्हणाला, "आज ड्रम उचलाचे. सांच्याले रस्ता मोकळा करून देऊ."

दुपारी मी बोरीखालून दोन चांगली बोरं वेचली. चिंधीत बांधली, दांडक्याला गाठ मारली. शेवटची गाडी एसटी होती. कंडक्टर म्हणाला, "बोरं कोणाले जी, बाबा?"

"तिकडं देऊन द्या," मी म्हणालो.

संध्याकाळी हंसाबाई दांडकं खांद्यावर टाकून पुलावरून चालत आली. दांडकं उघडं होतं.

"याले काही बांधलं होतं का?" मी विचारलं.

"नाई, भाऊ. काय पायजे होतं?"

"काही नाही."

ड्रम उचलले. दोन्हीकडच्या गाड्या न थांबता जाऊ लागल्या. मी नव्या कठड्याच्या कडेने चालत पलीकडच्या टोकाला गेलो, जिथे नलू उभी राहायची. नुसता मुरूम, झाड नाही की झुडूप नाही. दगडाजवळ बोराच्या दोन बिया पडल्या होत्या. हातात घेतल्या. ओल्या होत्या.

मी दगडावर बसलो, थोडी जागा सोडून. खिशातलं सुपारीचं खांड काढलं आणि तोंडात टाकलं.