परातीतलं वादळ

सूर्यभान मुकादमाच्या अंगणात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. बाया पुढे, बाप्ये मागे, आणि मधोमध पाटावर पितळेची परात, इतकी लख्ख की तिच्यात बघून भांग पाडावा. परातीत पाणी आणि पाण्यावर कापराचे बारीक तुकडे. कुणी फुंकर घालत नव्हतं, कुणी परात हलवत नव्हतं, तरी ते तुकडे आपोआप गरागरा फिरत होते, एकमेकांना धडकत होते, काठाशी जाऊन माघारी पळत होते.

“बघा, बाया हो,” दर्यानाथ महाराज म्हणाले. “ह्ये वादळ. आत्ता या घडीला दर्यात असंच घुमतंय. ह्यो काठ म्हंजी गुजरातचा किनारा. आन् काठावर कोन हाय? तुमची लेकरं.”

बायांच्या तोंडचं पाणी पळालं. महाराजांनी डोळे मिटले, गुरूचं स्मरण करत उजवं बोट आपल्या जटेवरून फिरवलं आणि त्याचं टोक पाण्याला टेकवलं. कापूर जागच्या जागी थिजला.

“बांधलं,” महाराज म्हणाले.

अंगणभर हात जोडले गेले. म्हातारी लंकाबाई तर परातीपुढे आडवीच पडली. महाराजांनी दर्या पाहिला असेल तर तो कॅलेंडरवर, हे विचारायची कुणाला शुद्ध होती? गावाची तरी काय कथा! खर्ड्यापासून दोन कोसांवरचं हे माळरान. इथल्या माणसाला ठाऊक असलेलं वादळ म्हणजे चैत्रातली वावटळ. घटकाभर धूळ उडवते, पत्रे वाजवते, आणि थांबली की संपली. माणूस डोळे पुसून पुन्हा कामाला लागतो.

पण हे वादळ वेगळं होतं. अठ्ठ्याण्णवचा जून नुकता लागला होता आणि आकाशवाणी सकाळ-संध्याकाळ सांगत होती की अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलंय आणि ते गुजरातकडे सरकतंय. तिथे एका बंदराच्या कडेला, मिठागरात, गावचे अकरा जण कामाला होते. सूर्यभाननेच त्यांना टेम्पोत घालून नेलं होतं. ताडपत्रीच्या झोपड्या, झोपडीला झोपडी चिकटलेली, हजारो माणसं आणि पुढ्यात समुद्र.

कलाबाई अंगणाबाहेर लिंबाखाली उभी होती. तिचा एकुलता एक नितीन त्या अकरांत होता. छप्पन साली तिच्या सासऱ्याने घरातले देव नदीत सोडले, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात देव्हारा नव्हता. असल्या ठिकाणी तिला कुणी बोलवत नसे आणि तीही जात नसे. आज पाय आपोआप आले होते. गर्दीत आपलं माणूस म्हणावं अशी एकच, शेजारची गोजरबाई, आणि ती पार पुढे परातीपाशी बसली होती. गोजरबाईचा ज्ञानेश्वर आणि नितीन एका पाटीवर शिकले, एका टेम्पोत बसून गेले.

“आता नीट ऐका,” महाराज म्हणाले. “बंधन घातलंय, पन ते राखनं तुमच्या हातात. कुनी आपल्या मानसाला माघारी बोलवायचं न्हाई. निरोप गेला की बंधन तुटलं. एकीनं चूक केली तर अकराच्या अकरा जातील.”

सूर्यभान सगळ्यांत जोराने मान हलवत होता. का नाही हलवणार? पाऊस लागायच्या आत मीठ उचललं गेलं नाही तर मुकादमकीला काय अर्थ! महाराजांचं जेवणखाण महिनाभर त्याच्याच ओसरीवर चाललं होतं. मग त्याने मोठ्या मनाने घरातल्या फोनचं कुलूप उघडलं, मिठागराच्या कचेरीत फोन लावला आणि ज्या आईला धीर द्यायचा असेल तिने एक वाक्य बोलावं, असं जाहीर केलं.

गोजरबाई फोनमध्ये ओरडून बोलली, इतकं की कलाबाईला बाहेर ऐकू आलं. “द्यानू, भिऊ नगंस. वारं थांबलं की समज, म्हाराजांनी बोट टेकवलं. मंग काय धोका न्हाई.”

कलाबाई घरी आली. नितीनने ठेवलेला रेडिओ चुलीशेजारी होता. रंभाजी, तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती रेडिओला उलट उत्तरं द्यायला शिकली होती. बोलायला दुसरं होतं कोण?

“किनाऱ्यावरच्या नागरिकांनी झोपड्या सोडून उंचावरच्या पक्क्या इमारतीत जावं,” रेडिओ म्हणाला. “पिण्याचं पाणी आणि कोरडा शिधा सोबत घ्यावा. वारा मध्येच थांबला तरी बाहेर पडू नये. तो वादळाचा मध्य असतो. त्यानंतर वारा उलट दिशेने येतो.”

“त्यांना कोन सांगनार?” कलाबाई म्हणाली. “मुकादम?”

ट्रंकेत नितीनचं पत्र होतं आणि पत्रात मिठागराजवळच्या किराणा दुकानाचा फोन नंबर. खर्ड्याच्या एसटीडी बूथवरून दोन मिनिटांत काम झालं असतं. पण महाराज खरे निघाले तर? अकरा घरांचा तळतळाट एका कलाबाईच्या माथी. रंभाजी असता तर त्याने एकच शब्द विचारला असता, “कसं?” कुणी काही चमत्कार सांगितला की त्याचा हाच प्रश्न. आता विचारणाराही नव्हता आणि उत्तर देणाराही. भाकरी तव्यावर करपली तेव्हा ती भानावर आली.

सकाळी ती बन्सीच्या दुकानात गेली. कापूर मागितला.

बन्सीने तिच्याकडे बघितलं. “कलाबाई, तुमी आन् कापूर?”

“ट्रंकेत ठेवायला,” ती म्हणाली. बाईमाणसाला खोटं बोलता येत नाही असं थोडंच आहे, पण तिचे कान लाल झाले.

घरी येऊन तिने दार लोटलं. महाराजांच्या परातीजवळ आपल्याला जागा नाही, तर आपल्या लेकराचं वादळ आपणच बांधू, एवढाच त्या बिचारीचा हिशेब. कालची पिठाची परात खंगाळून पाणी भरलं, कापराचे तुकडे वर सोडले. ते तरंगले आणि मढ्यासारखे पडून राहिले. तिने हात जोडले, डोळे मिटले, उघडले. काही नाही.

“माझं कोन ऐकनार,” ती म्हणाली आणि परातीशीच बसून रडली. मग पाणी फेकलं. काळजीत पडलेल्या बाईचे हात रिकामे राहत नाहीत. तिने चुलीतली राख घेतली आणि परात घासायला घेतली. कडा घासल्या, तळ घासला, पुन्हा पुन्हा विसळली. परात आरशासारखी झाली. हात धुऊन तिने परत पाणी ओतलं आणि उरलेला कापूर मोडून टाकला.

कापूर नाचायला लागला.

कलाबाई भिंतीला टेकली. मंत्र नाही, गुरू नाही, दर्यानाथ नाही, आणि तुकडे गरागरा फिरतायत. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग डोळ्यांवर आलेले केस तिने मागे सारले. कालच तेल घातलं होतं. त्याच बोटाने तिने घाबरत घाबरत पाण्याला स्पर्श केला. कापूर थिजला.

तिला महाराजांची जटा आठवली, तेलाने थबथबलेली. आणि बोट टेकवायच्या आधी जटेवर फिरणारा तो हात.

तिने पाणी बदललं, परात घासली, हात राखेने घासून धुतला. बोट बुडवलं, कापूर फिरतच राहिला. बोट केसाला लावून बुडवलं, थांबला. चारदा केलं, चारदा तसंच. चौथ्या वेळी ती मोठ्याने हसली, आणि हसू घरात एकटंच घुमलं. एवढं मोठं कळलं आणि सांगायला समोर चार भिंती.

ती आधी गोजरबाईकडे गेली. गोजरबाईने सगळं ऐकून घेतलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“कले, तुझं काय जातंय? तुमी काय मानीत न्हाई. माझ्या द्यानूच्या जिवाशी खेळू नगंस.”

“गोजरे, माझा नित्या बी तितंच हाय की.”

“मंग गप बस,” गोजरबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. वीस वर्षांत ते दार कलाबाईच्या तोंडावर पहिल्यांदा लागलं.

दुपारी अंगणात पुन्हा तीच गर्दी, तीच परात, तोच नाच. महाराजांचा हात जटेकडे निघाला होता, तेवढ्यात कलाबाई लिंबाखालून निघाली आणि बायांच्या मधून सरळ पुढे आली. तिच्या ओंजळीत राख होती.

“म्हाराज, आधी हात धुवा,” ती म्हणाली. “राखंनं. मंग बोट टेकवा.”

“बाई, तू विटाळ करतीस.”

“राख कुनाला विटाळती? तुमी तर अंगाला फासता.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सूर्यभान उठला, “ए, हिला भाईर काढा.” पण लंकाबाई मध्ये बोलली. म्हातारीचा नातू मिठागरात होता. “धुवू द्या की. धुतल्यानं देवपन जातंय व्हय?”

महाराजांनी हात मागे घेतला. गुरूची आज्ञा नाही, घटका टळेल, कोप होईल, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. फक्त हात धुतला नाही. तेव्हा कलाबाईने राखेने आपला हात चोळला, तीन तांबे पाणी घेऊन धुतला आणि बोट परातीत बुडवलं. कापूर फिरत राहिला. मग तेच बोट तिने आपल्या तेलकट अंबाड्यावरून फिरवलं आणि पाण्याला टेकवलं.

कापूर थांबला होता.

“मी काय बांधलं न्हाई,” कलाबाई म्हणाली. “सोच्छ पान्यावर कापूर आपसूक पळतो. तेलाचा तवंग आला की थांबतो. घरी जाऊन करून बघा, माझ्यावर बी इस्वास ठेवू नगा. पन वादळ परातीत न्हाई. ते दर्यात हाय, आन् त्याला कुनी बोट लावल्यालं न्हाई.”

सहा बाया तिच्याबरोबर खर्ड्याला निघाल्या. गोजरबाई निघाली नाही. ती परातीकडे बघत बसली होती. “आन् बंधन खरं असलं म्हंजी?” एवढंच ती म्हणाली. महाराज मात्र दिवस मावळायच्या आत मुकादमाच्या टेम्पोतून गेले. बंधन कुणाच्या भरवशावर ठेवलं, ते सांगितलं नाही.

बूथवर फोन लागायला तास गेला. दुकानदाराने नितीनला बोलावून आणलं. कलाबाईने रेडिओची वाक्यं पाठ केली होती. “झोपडी सोडा. पक्की, उंचावरची इमारत बघा. प्यायचं पानी, चुरमुरे, दोर घ्या. समद्यांना घेऊन जा, द्यानूला बी. आन् वारं मधीच थांबलं तरी भाईर यायचं न्हाई. ऐकलंस? थांबलं तरी न्हाई.”

“ऐकलं, आई,” नितीन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वादळ किनाऱ्यावर चढलं. त्यानंतर सहा दिवस फोन लागला नाही. सातव्या दिवशी एसटीतून दहा जण उतरले.

गोजरबाई फाट्यावर उभी होती. तिने उतरणारी माणसं मोजली आणि एसटीचं दार लागलं तरी ती तिथेच बघत राहिली. नितीन तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. कलाबाईने त्याचा हात धरला तेव्हा तो बोलला.

“काकी, आमी समदे शाळंच्या माडीवर हुतो. द्यानू बी हुता. दुपारी वारं एकदम थांबलं. ऊन पडलं. त्यो म्हनला, आईनं सांगितलंय, म्हाराजांनी बोट टेकवलं. मी त्याचा हात धरला, लई धरला. पेटी आनतो म्हनून खाली गेला. मंग उलटं वारं आलं. आन् पानी आलं.”

गोजरबाई रडली नाही. तिने नितीनच्या गालावरून हात फिरवला आणि घरी गेली. तिचं दार महिनाभर कुणालाच उघडलं नाही. कलाबाई रोज उंबऱ्याशी भाकरी ठेवून यायची आणि संध्याकाळी तशीच्या तशी उचलून आणायची. पोरगा सुखरूप आला, याची तिला लाज वाटे. घरात आता बोलायला माणूस होतं, तरी ती रेडिओशीसुद्धा बोलेना.

एका सकाळी गोजरबाई दारात उभी राहिली. काखेत परात होती, घासून लख्ख केलेली.

“मला शिकीव,” ती म्हणाली.

तेव्हापासून खर्ड्याच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानाशेजारी, दोन बाया परात मांडून बसू लागल्या. कलाबाई पाणी ओतायची, गोजरबाई कापूर मोडून टाकायची. तुकडे पळायला लागले की माणसं गोळा व्हायची, हात जोडायची. मग गोजरबाई केसांवरून बोट फिरवून पाण्याला टेकवायची, आणि ते का थांबलं, हे तेलाची वाटी पुढे ठेवून सांगायची. द्यानूचंही सांगायची, काहीच न लपवता. आपण फोनवर काय बोललो ते तर शब्दाला शब्द.

“मी इचारलं न्हाई,” ती शेवटी म्हणायची. “तुमी इचारा. कसं, म्हनून इचारा. आधी हात धुवा म्हनावं, मंग चमत्कार दाखवा. खरा असंल तर त्यो धुतल्या हातानं बी हुईल.”

मग ती परातीतलं पाणी ओतून द्यायची, आणि पुढच्या गर्दीसाठी परात पुन्हा राखेने घासायला घ्यायची.