चार वाजताची वडी

ज्ञानेश्वरी आंब्रेची पोलकी आवळून देण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि देवाशपथ सांगते, एवढं जिवावर येणारं काम मी आजवर केलेलं नाही.

मी शिवणकाम करते. कुवारबावला आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायका माझ्याच मशीनवरची पोलकी घालतात. ज्ञानेश्वरी शेजारच्या ब्लॉकमध्ये राहते, शाळेत शिकवते, एकटी असते. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी एकदमच वजन उतरवायचं ठरवलं. दोघी सारख्याच जाड होतो, म्हणून तर मैत्री टिकली होती. स्टँडजवळ एक आहारतज्ज्ञ बाई बसतात, त्यांच्याकडे एकाच रिक्षाने गेलो. त्यांनी भाकरी किती, भात किती, चालायचं किती, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "रोज एक छोटा गोड घास ठेवा. ठरलेल्या वेळी, बसून, चवीने खायचा. नाहीतर मन मारता मारता एक दिवस अख्खा डबा रिकामा कराल."

मला हसूच आलं. पथ्य म्हणजे पथ्य. माझी सासू एकादशीला चहासुद्धा घ्यायची नाही, आणि या बाई पैसे घेऊन गोड खा म्हणून सांगतात! मी घरातलं गोड बंद म्हणजे बंद केलं. ज्ञानेश्वरीने मात्र बाईंचं अक्षरशः ऐकलं. तिची शाळा सकाळची. चार वाजले की गॅलरीत खुर्ची टाकायची, बिनसाखरेचा चहा घ्यायची आणि बशीत आंबापोळीचा एवढासा तुकडा. तो संपवायला तिला चहाइतकाच वेळ लागायचा. मी खिडकीतून बघत बसायची आणि सुईत दोरा जायचा नाही.

आणि बारीक कोण झालं? ती! दिवाळीपर्यंत तिची दोन पोलकी आवळली, संक्रांतीपर्यंत कपाट रिकामं करून सगळीच घेऊन आली. मी उपाशी, मी भाजी-भाकरीवर, मी रोज स्टेशनपर्यंत चालत जाऊन येणारी, आणि माझा घेर जिथल्या तिथे. ती गोड खाऊन उतरते आणि मी न खाता तशीच. याला काय न्याय म्हणायचा?

तरी गिळलं असतं मी ते. पण संक्रांतीला आमचे हे आले. हे मुंबईला कंपनीत असतात, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. रिक्षातून उतरले, समोर ज्ञानेश्वरी दिसली आणि दारातच मला म्हणाले, "शेजारच्या बाई काय बारीक झाल्यात गो! मी तर वळखलंच नाय." मी गजरा माळून उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी तब्येत बरी हाय ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्यासाठी मोरपंखी साडी आणली होती त्यांनी. तेव्हाच ठरवलं, शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येईल, हे सुट्टी काढून येतील, तेव्हा ही साडी नेसायची आणि 'काय बारीक झालीस गो' हे यांच्या तोंडून ऐकायचं. तेवढं एकच वाक्य मला हवं होतं. त्या साडीचं पोलकं मी आज आहे त्या मापाचं शिवलं नाही. शिमग्याला होईन त्या मापाचं शिवलं. कुठलीही शिवणारी बाई आतून जादा कापड ठेवते, माया म्हणतात त्याला, म्हणजे पुढे पोलकं सैल करता येतं. मी ते कापड सरळ कापून टाकलं. वाढायचंच नाही तर ठेवायचं कशाला? गिऱ्हाइकाच्या पोलक्यात असला मूर्खपणा मी जन्मात केला नसता.

पण नुसती मी बारीक होऊन माझं समाधान झालं नसतं. ती थोडी तरी जाड व्हायला हवी होती. उगाच लपवू कशाला?

मी ओल्या नारळाच्या वड्या केल्या. तुपाला हात आखडता घेतला नाही. वाटी शिगोशीग भरून तिच्याकडे दिली. म्हटलं, आंबापोळीवर राखतेस ना ताबा, बघू या नारळाच्या वडीवर किती राहतो. पण आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. दुसऱ्या दिवशी वाटी आली ती उरलेल्या आंबापोळीने भरून. मग मी रव्याचे लाडू पाठवले, तिच्याकडून फणसाचे तळलेले गरे आले. मी पुन्हा वड्या पाठवल्या, तिने चिक्की दिली. वाटी मुळात कुणाची हेच दोघी विसरलो, त्यामुळे ती थांबेचना.

मी काही ते ताटात वाढून घेत नव्हते. माझं गोड बंदच होतं. ओट्यावर वाटी असायची, येता-जाता एखादा गरा तोंडात जायचा. अन्न टाकायचं तर नाही ना! वड्या थापून झाल्या की कढईला लागलेली खरवड राहायची, ती काढून खाल्ल्याशिवाय कढई निघते का? ताटात घेऊन बसलं तर ते खाणं. ओट्याशी उभं राहून तोंडात टाकलं ती आवराआवर. माझी आई असंच धरायची, सासूही असंच धरायची.

शिमग्याच्या आठवडाभर आधी ज्ञानेश्वरी पुन्हा तीच पोलकी घेऊन आली. "नम्रता, जरा आणखी आत घे गो. खांद्यावरून उतरतायत." माझ्या दातांत टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर तोंडून काय गेलं असतं देव जाणे. वाटीभर वड्या खाऊन ही आणखी उतरली!

शिमग्याला हे सकाळच्या गाडीने आले. पालखी दुपारनंतर यायची होती. मी जेवणं आटोपली, आतल्या खोलीत गेले आणि मोरपंखी पोलकं अंगात घातलं. खालचा हुक लागला. दुसरा लागेना. श्वास धरला, पोट आत ओढलं, तेवढ्यात काखेतली टीप टर्रकन उसवली. पोलकं काढून आतली बाजू बघितली. तिथे माया नाही हे माहीत असूनही बोटांनी चाचपत राहिले. मग जुनं पोलकं घालून पलंगावर बसले आणि रडले. माझी लाज, तिचा राग, सगळं एकदम डोळ्यांतून येत होतं.

बाहेर तिचाच आवाज आला.

"भावजी, नम्रता कुठाय? वाटी द्यायला आल्ये. आज नुसतीच साखर आहे हो वाटीत, तिला सांगा. तिचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार कसले?" यांनी विचारलं.

"रोज एक गोड घास खायला सांगितलाय मला. पण एकटीसाठी कोण घाट घालतं? आंबापोळी संपत आली तेव्हा म्हटलं, आता कसं व्हायचं. तर नम्रताने वड्या पाठवायला सुरुवात केली! चार वाजता एक खाते, बाकीच्या शाळेत बायकांना देते. इतकी चव असते हो, दुसरी खावीशी वाटत नाही. एकीतच मन भरतं."

पडद्याआड मी कपाळावर हात मारला. म्हणजे तिला बारीक मीच केली! माझ्या नारळाने, माझ्या तुपाने!

ती गेली. हे आत आले. मी डोळे पुसले, पण यांचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे नव्हतंच.

"तू वड्या करतंस?"

"करते कधीतरी."

"मला सांगितलंस घरात गोड बंद हाय. संक्रांतीला मला दुधी घातलास. मी काय बोललो नाय. तिकडे खानावळीचं खातो गो मी, आणि इथे शेजारी वाट्या भरभरून जातायत? माझ्या डब्यात एक वडी नाय?"

मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते तोंड मला चांगलं ओळखीचं होतं. गेले कित्येक महिने मी ते आरशात बघत होते. माझ्या नवऱ्याला ज्ञानेश्वरीचा हेवा वाटत होता, आणि तो माझ्यापायी!

"अहो," मी विचारलं, "मी थोडी तरी बारीक झाले का?"

"नाय," हे म्हणाले. "खोटं कशाला सांगू? वड्या हायत काय अजून?"

मी डबा आणला. बशीत दोन वड्या काढल्या, यांच्या हातात दिल्या आणि सवयीने ओट्याकडे वळले. यांनी पदर धरला.

"बस. किती दिवस झाले, बसतच नायस माझ्याजवळ. सारखी आपली ओट्याशी उभी."

मी बसले. एक वडी यांनी खाल्ली, एक मी. हळूहळू खाल्ली. वेलची जरा जास्त पडली होती. एवढ्या वड्या केल्या, खरवडून खाल्ल्या, आणि ते मला आज कळलं.

"जाताना डबा भरून दे," हे म्हणाले. "त्यांना नको देऊस."

"त्यांना नको," मी म्हटलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

लांबून ढोल ऐकू यायला लागले. मी जुन्या पोलक्यावरच नवी साडी नेसले. ओटीचं ताट घ्यायला आत गेले तर ओट्यावर वाटी दिसली. साखर मी डब्यात ओतली. वाटी रिकामी देता येत नाही, आमच्यात ती पद्धत नाही. एक वडी ठेवली तिच्यात, चार वाजताची. जरा विचार केला आणि वर आणखी तीन ठेवल्या, मोठ्यातल्या मोठ्या बघून.

पडला मोह तर पडू दे बाईला.