कासवावरची काच

पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने दुसऱ्यांदा दिव्याची नळी बदलून दिली तेव्हा मी त्याला तोंडावर चोर म्हणालो. अजूनही मला पाहिलं की तो मान फिरवतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

कासव माझ्या मुलीचं. तळहाताएवढं. दोन फूट चालायला अर्धी सकाळ घेतं म्हणून ती त्याला साहेब म्हणते. त्याची पेटी मी केली. बावीस वर्षं काचकाम करतोय, बाहेरून कशाला आणायची? तळाची माती मात्र पोरीची. बागेतली माती आणि नारळाचा भुसा चाळून, हाताने कुस्करून, चांगली वीतभर जाड घातली तिने. साहेबाला आत घुसून बसायला आवडतं म्हणे. वर दोन दिवे. एक उबेचा आणि दुसरी लांब नळी, उन्हातली अतिनील किरणं देणारी. ती किरणं अंगावर पडली नाहीत तर कासवाचं कवच घट्ट होत नाही.

वर झाकण जाळीचं करा, असं दुकानदार म्हणाला होता. मी म्हटलं, काचवाल्याच्या घरात खुराडं? मला अक्कल शिकवतो? माझ्या दुकानातली सगळ्यात भारी काच कापली, कडा घासल्या, पेटीवर ठेवली आणि नळी त्यावर आडवी टाकली. ऊब टिकेल, धूळ पडणार नाही. दर रविवारी ती काच मी स्वतः पुसायचो.

दोन महिन्यांनी साहेबाने खाणं सोडलं. कवच अंगठ्याखाली दबायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किरणं मिळत नाहीयेत, नाहीतर खाण्यात काहीतरी चुकतंय. असंच राहिलं तर महिनाभरही काढणार नाही." किरणं मी लावलेली, नळी दोनदा बदललेली. मग चुकतंय कोणाचं? खापर पोरीवर फुटलं, म्हणजे मीच फोडलं. तुझी माती ओली, तुझा पाला शिळा, तुझं लक्षच नाही. वीतभर माती घमेल्यात भरली आणि तिच्यादेखत कचऱ्यात ओतली. पेटीत वर्तमानपत्र अंथरलं. त्या कागदावर साहेबाचे पाय सटासट घसरायचे. ती दारात उभी राहून बघत होती. त्याचाही मला राग आला. बहिणीला फोन करून मोठ्याने सांगितलं, "या पोरीच्या हातात जीव द्यायची सोय नाही. मारणार बघ ती त्याला." पोर शेजारच्याच खोलीत होती. ऐकावं म्हणूनच मोठ्याने बोललो होतो.

गुरुवारी दुकानात एक बाई आल्या. पश्चिमेची खिडकी, सोफ्याचा रंग उडतोय. मी नेहमीचं सुरू केलं. "ताई, ही घ्या. उजेड अगदी पूर्ण येईल. पण उन्हातली जी किरणं कापड खातात ना, ती या काचेतून..."

हातातला काचेचा नमुना मी खाली ठेवला.

"काचेतून काय?" बाईंनी विचारलं.

"आत येत नाहीत," मी म्हणालो, आणि भर दुपारी शटर ओढलं. बाई काहीतरी बोलत राहिल्या.

घरी आलो आणि झाकण उचललं. तीच काच. हजार गिऱ्हाइकांना हेच तोंडपाठ सांगत आलो आणि घरात ती एका जिवावर झाकून ठेवली. वर दुसऱ्याला चोर म्हणालो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मध्ये काही न ठेवता नळी वीतभर उंच टांगा, औषध चालू ठेवा, बहुतेक वाचेल. कवच मात्र वाकडं झालंय ते जन्मभर तसंच राहील.

नळी तारेने टांगत होतो तेवढ्यात पोर शाळेतून आली. दप्तर न काढताच पेटीपाशी उभी राहिली.

"काच आड येत होती," मी म्हणालो. "किरणं तिथेच अडत होती."

"कोणाची काच?"

"माझी."

तिने साहेबाला उचलून छातीशी धरलं. मी म्हटलं, संध्याकाळी माती आणतो, दोघं मिळून चाळू.

"माती मी आणेन. तुम्ही हात लावू नका." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "आत्याला फोन करा."

"करतो ना. जेवण झाल्यावर..."

"आत्ता. आणि माझ्यासमोर."

याआधी माझ्याशी घरात असं कोणी बोललं नव्हतं. कानशिलं तापली. तरी फोन लावला.

"स्पीकरवर टाका," ती म्हणाली. टाकला.

पलीकडून बहीण हसत म्हणाली, "काय रे दादा, मारलं का पोरीने ते कासव शेवटी?"

पोर माझ्याकडे बघत होती.

"तिने नाही," मी म्हणालो. "मी मारत होतो."