केसभर जास्त फिरणारे चाक

मित्रांनो, मी एक जुनी मिलिंग मशीन आहे आणि सध्या फार घाबरलेली आहे. विमानाच्या पंखाला आधार देणारे ब्रॅकेट मी धातू कापून घडवते.

तीस वर्षे माझे चाक एकाच माणसाच्या हातात होते. सारा कारखाना त्यांना मामा म्हणतो. आमचा माल कधी परत आला नाही, म्हणून आमचे कौतुकही खूप झाले. खरी गोष्ट मात्र आम्हा दोघांनाच ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी चाकासरशी टेबल सरकवणारा माझा आतला स्क्रू झिजला. तेव्हापासून ज्यावर धातू बांधतात ते माझे टेबल केसभर मागे राहते. मामा दरवेळी चाक केसभर जास्त फिरवून ते भरून काढत. कुणाला कळले असते तर मी भंगारात गेले असते, म्हणून ते तोंडातून चकार शब्द काढत नसत.

मग सरकारची योजना आली. विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांनी सगळ्या मशीन एका संगणकाला जोडायच्या, सरकार मदत करणार. माझ्या चाकाला मोटर बसली. इंजिनीअर मॅडम म्हणाल्या, "मामा, आता हात लावायचा नाही हं. नुसतं बघत बसा."

पाहणीच्या सकाळी सरकारी साहेब समोर उभे राहिले. संगणकाने चाकाचे फेरे बरोबर मोजले, पडद्यावर हिरवी खूण उमटली, टाळ्या पडल्या. पण ते केसभर जास्त फिरवणे संगणकाला ठाऊक नव्हते. पहिलाच ब्रॅकेट केसभर चुकला होता, आणि मला तोंड नाही.

"पुन्हा मोजायचा का?" साहेबांनी विचारले.

"संगणकानं मोजलाय, सर," म्हणत मॅडमनी तो खोक्यात ठेवायला उचलला.

मामांनी माझ्याकडे पाहिले. ते गप्प बसले तर मी वाचणार होते, पण त्या विमानात माणसे बसणार होती.

"थांबा मॅडम. हातानं मोजून बघा. हिचा स्क्रू झिजलाय. सहा वर्षं मी लपवलं."

मॅडमनी मोजले. त्यांचा चेहरा उतरला. "सांगितलं का नाहीत, मामा?"

"हिला भंगारात टाकाल म्हणून."

आता माझ्या चाकाला लाल चिठ्ठी बांधली आहे. दुरुस्ती की भंगार, ते सोमवारी ठरेल. दारात गाडी थांबली की माझा जीव धसकतो. मामा रोज येऊन मला पुसतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, मायेपोटी कुणाची खोड झाकू नका. तेव्हाच सांगितले असते, तर एका स्क्रूवर भागले असते. आणि सोमवारी काहीही ठरो, तो ब्रॅकेट उडाला नाही याचा मला आनंद आहे, एवढे मामांना सांगा. मला तोंड नाही.