तीन सेकंदांचा प्रोग्राम

मॅडमच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. शेवटच्या वर्षाचे बावीस प्रकल्प तपासले, त्यांतले एकोणीस एकमेकांचे जुळे भाऊ! चुकासुद्धा त्याच, त्याच ओळीवर. विचारावं तर पोरं मख्ख. पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकवत होत्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

उचलेगिरी न करणाऱ्या तिघांत एक मुलगी होती, पण ती नेमकी गोगलगाय. वर्गात सगळे तिला हळूबाईच म्हणत. परीक्षेचं वेळापत्रक आपोआप लावणारा प्रोग्राम तिनं प्रकल्पाला घेतला होता. एका मुलाचे दोन पेपर एकाच वेळी येऊ नयेत, एवढंच काम. गेल्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. यंदाची संधी शेवटची. हुकली की पदवी गेली.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी ती लॅबमध्ये चिकटून बसली होती. तिचा प्रोग्राम आठ मिनिटं घ्यायचा आणि शेवटी एक पेपर नेमका दुसऱ्या पेपरच्याच वेळी टाकायचा.

"सापडली का चूक?" मॅडमनी विचारलं.

"शोधतेय, मॅडम."

"अगं बाई, आठवडा झाला शोधतेयस! ऊठ बघू."

मॅडम स्वतः खुर्चीत बसल्या. मुलगी मागून "मॅडम, हे असं का?" विचारत राहिली, आणि "ते मग सांगते" म्हणत मॅडम बोटं चालवत राहिल्या. पाऊण तासात नवा कोरा प्रोग्राम तयार, तीन सेकंदांत काम फत्ते. घोळ नको म्हणून जुनी फाईल त्यांनी पुसून टाकली. समजावून सांगायचं मात्र राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "वा, छान. ही ओळ काय करते?"

"नाही सांगता येणार, सर."

"बरं, ही?"

"तीही नाही."

"कुणाकडून लिहून घेतलंस?" परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "उचललेल्या कामाला शून्य, माहितेय ना?"

तिनं मान खाली घातली, पण मॅडमचं नाव घेतलं नाही. मॅडमना तिचा असा संताप आला! अगं, बोल ना गधडे! मग ध्यानात आलं, बोलायचं तिनं नव्हतंच.

"मी लिहिलाय," मॅडम म्हणाल्या. "तिचा होता, तो मी पुसला."

"कमाल करता! मग मार्क काय तुम्हाला देऊ?" परीक्षकांनी कोरे कागद मुलीपुढे सरकवले. "तुझा तू लिही. पाठ आहे?"

"पाठ नाही, सर. पण माझा आहे, येईल."

ती लिहू लागली, एकेक अक्षर कोरत. दुसऱ्या कागदावर तीच जुनी चूक येताना मॅडमना स्वच्छ दिसली. त्यांचे हात शिवशिवले, जीभ टाळ्याला चिकटवून ठेवावी लागली, तरी तोंडून "अगं..." निसटलंच.

मुलीनं पेन खाली ठेवलं. "सर, मॅडम बाहेर थांबल्या तर चालेल का?"

मॅडमचा चेहरा कानापर्यंत तापला. त्या उठल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर बाकावर बसल्या. आत चाललंय काय, या विचारानं जीव नुसता टांगणीला लागला.

पाऊण तासानं परीक्षकांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "पास आहे. चूकही तिनंच शोधून काढली."

"कधी?"

"तुम्ही गेल्यावर लगेच."