तळलेला मासा बरा झाला!

"आजार सांगू नका, हात ठेवा! पेटीच सांगेल!" उपदेशक बंधू एलिएसेर ओरडत होता. बारांकिया शहरातली आमची अख्खी आळी त्याच्या मांडवात लोटली होती. पेटीवरच्या पितळी पाटावर हात ठेवला की लाल दिवा; म्हणजे आजार. बंधू डोळे मिटून पुटपुटला की दिवा हिरवा. म्हणजे आजार पळाला! लोक रडत रडत त्याचे हात चुंबत होते.

त्यांत माझी आई नुरिस सगळ्यांत पुढे. दोन आठवड्यांपूर्वी तिला हिरवा दिवा लागला आणि तिने साखरेचं इंजेक्शनच सोडलं. पायाची जखम काळी पडत चालली होती.

"आई, डॉक्टर पाय कापायची भाषा करतायत गं!"

"यामिले, चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलीस म्हणून देवाला शहाणपण शिकवू नकोस."

माझं डोकंच फिरलं. शेजारच्या गाडीवरचा तळलेला मासा उचलला आणि पाटावर आपटला. लाल दिवा!

"बंधू, काय झालंय हो याला? लिव्हर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. चाळीस सेकंद गेले. बंधूने चकार शब्द काढला नव्हता, तरी दिवा हिरवा झाला.

"अभिनंदन! मासा बरा झाला!"

"पोरी, तुझ्यात सैतान शिरलाय!" बंधू किंचाळला.

"शिरू दे. पिशवीत स्क्रूड्रायव्हर पण आहे."

तो पेटी ओढायला धावला, पण आता लोकांनीच त्याला धरलं. मी झाकण उघडलं. पाटाखाली साधं बटण. कशानेही दाबा, लाल लागतो आणि चाळीस सेकंदांनी हिरवा. दुसऱ्या वर्षाला आम्ही सगळे हेच सर्किट करतो. बोर्डाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक कोरलेला होता. माझा! माझ्याच अक्षरात!

गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या फाटकाशी एकजण खेळण्यांसाठी म्हणून असले बोर्ड गोळा करत होता. मी देऊन मोकळी झाले होते.

मी हे आईला सांगितलं. तिने त्या क्रमांकावरून बोट फिरवलं. "कशाला हवंय, एवढंसुद्धा विचारलं नाहीस त्याला?"

मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"चल, आधी दवाखान्यात," ती म्हणाली.

पाय वाचला. दोन बोटं गेली.

म्हणून सांगते, बाबांनो, कुठल्याही पेटीवर हात ठेवण्याआधी म्हणा, झाकण उघडून दाखव. आणि आम्ही शिकलेल्यांनी आपल्या हातची वस्तू देताना विचारावं, कशाला हवी? मी नाही विचारलं. आईच्या चपलेतली ती रिकामी जागा मी रोज बघते.