मरळबाईचा रविवार

"तलावातली मासळी रविवारी काढाची ठरली," दसरूभाऊंनी अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं. "घरटी एक माणूस पाह्यजे. मागल्या खेपेले तुमच्या घरचं कोणी नोयतं, गोकुळाबाई. आता नाई आलं तं नाव कापा लागन. माह्या हाती काई नाई."

दसरूभाऊ मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, नियमच तसा होता. जाळ्याची दोरी धरेल त्याला मासळीचा वाटा, आणि धरणारा घरचाच हवा, मजुरीनं आणलेला चालत नाही. नवरा इस्तारी वारल्यावर सभासदत्व गोकुळाच्या नावावर आलं होतं. मायलेकींचं घर त्यावरच चालत होतं.

मागच्या खेपेला लेक आचल चंद्रपूरला चित्रकलेच्या शिबिराला गेली होती आणि गोकुळा घरी पोट धरून पडली होती. दुखतंय हे तिनं लेकीला कळूच दिलं नाही. पुढे पिशवीचं ऑपरेशन झालं. आता टाके सुकले होते, पण पाण्यात उतरायचं नाही, ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि नेमका याच रविवारी नागपुरात कॉमिक्सचा मेळा होता.

आचलच्या चित्रकथेतली मरळबाई म्हणजे डोक्यावर पदर घेतलेली, तलावाच्या तळाशी बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी मासोळी. दर रविवारी तिचा एक भाग मोबाइलवर यायचा. पुण्यातले वाचक 'काऊन' आणि 'कुठी' असली इकडची बोली वाचून खूश व्हायचे. शिबिरातल्या बाई म्हणायच्या, वर्षभर हे बंद ठेव, आधी हात बसू दे. वाचक म्हणायचे, एकही रविवार चुकवू नकोस. मेळ्यावाले म्हणायचे, पुस्तक छापून आण. तिघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत होती. पण या मेळ्यात एका कलासंस्थेचे सर येणार होते. ते तिथल्या तिथे मुलांशी बोलून, काम बघून वर्षभराच्या शिक्षणासाठी एकाला निवडणार होते. आचलची सगळी आशा त्या एका टेबलावर होती. पुस्तकं मांडायला मेळ्यात ते टेबल घेतलं होतं तिनं आणि चामोर्शीच्या तिच्या मैत्रिणीनं, निशातनं.

दसरूभाऊ गेल्यावर गोकुळा तांदूळ निवडत म्हणाली, "तू जाय नागपूरले. दोरीच तं धरा लागते. मी धरीन."

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डॉक्टरले काय जाते सांगाले."

आईनं नाही म्हटलं असतं तर आचलला भांडता आलं असतं. रुसता आलं असतं, पहाटेच्या गाडीनं पळूनही जाता आलं असतं. पण आई जा म्हणत होती, आणि खरंच कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली असती. आचलला आईचा राग आला, तलावाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकांचा गठ्ठा आणि चित्रं निशातच्या घरी पोचवली.

रविवारी ती गड्यांच्या रांगेत दोरी धरून उभी राहिली. बाईमाणूस म्हणून कुणी हसलं नाही, कुणी सोपं काम दिलं नाही. चिखलात पाय रुतत होते. जाळं काठाला लागेतो तिच्या तळहातांची साल निघाली होती.

मग काठावर वाटे पडले. नेहमीप्रमाणे म्हातारा चैतू मासळीकडे पाठ करून बसला. दसरूभाऊ एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचे, हा कोणाचा, आणि चैतू न बघता नाव घ्यायचा. म्हणजे कुणाला रुसायला जागा नको. एका ढिगावर हातभर लांबीची काळी मरळ होती, अजून कल्ले हलवणारी.

"हा कोणाचा?"

"गोकुळाचा," चैतू म्हणाला.

दुपार कलताना निशातचा फोन आला. सगळी पुस्तकं खपली होती. मरळबाई काढणारी कुठी आहे, म्हणून लोक टेबलाशी येऊन विचारत होते. सरांचं काय झालं, ते आचललाच विचारावं लागलं.

"सरनं चित्रं पाह्यली यार. दोनदा पाह्यली. मंग म्हणाले, जिचं काम हाय तिच्याशीच बोलाचं होतं. दुसऱ्या एका पोराले घेतलं."

बरं, म्हणून आचलनं फोन ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण नुसतीच दमल्यासारखी ती ओट्यावर बसून राहिली. विळा घेऊन गोकुळा मासळी साफ करायला बसली आणि तिनं मरळ उचलली.

"थांब," आचल म्हणाली.

तिनं मरळ ताटात ठेवली, मोबाइल मांडीवर घेतला आणि तिचं चित्र काढायला सुरुवात केली. हाताची आग होत होती, रेघ वाकडी जात होती. मरळबाईच्या डोक्यावर नेहमीचा पदर तिनं रेखाटलाच नाही. तोंडाजवळ बोलण्याचा फुगा मात्र काढला आणि बराच वेळ वाट पाहिली. आज मरळबाई काही बोलेना. फुगा तसाच रिकामा ठेवून तिनं चित्र पाठवून दिलं, कारण रविवार होता.

गोकुळा विळा धरून थांबली होती.

"झालं का, बाई? कापू?"

आचलनं ताट तिच्याकडे सरकवलं. "काप."